ताक ओतू नका

त्र्यंबक रस्त्याला कुंपणावर, कडुनिंबावर चढलेली गुळवेल तुम्ही येता-जाता पाहता. तिचे गुण मी सांगत बसत नाही, ते घरोघरी ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते प्रकल्पासाठी तिच्यातली अल्कलॉइडं काढणाऱ्या आपल्या मुलांशी, आणि तेही एकाच गोष्टीबद्दल.

रीत ठरलेली. खोडाची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवायची, अर्क आटवून सौम्य आम्लात घ्यायचा, गाळायचा, अमोनिया घालायचा आणि क्लोरोफॉर्मबरोबर हलवायचा. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसतो. तो जपून काढायचा. आणि वरचं पाणी? बेसिनमध्ये! परवा एका प्रयोगशाळेत ‘अरे बाळा, थांब’ म्हणेपर्यंत अर्धं ओतून झालंही होतं. पिवळसर पाणी होतं हो ते.

घरी ताक घुसळताना पाहिलंय ना? लोणी काढून घेतात, पण म्हणून ताक कुणी मोरीत ओततं का? क्विनीन, निकोटीन ही लोण्याच्या जातीची. अमोनिया पडला की भार टाकून क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. गुळवेलीतली बर्बेरीन, पामॅटीन, मॅग्नोफ्लोरीन तशी नव्हेत. त्यांच्या नायट्रोजनाला चार बंध, धनभार कायमचा. अमोनियाने तो जात नाही, म्हणून ती बहुतांशी पाण्यातच राहतात. या वेलीचा ऐवज ताकात आहे बाळांनो, ताकात!

खालच्या थरात अल्कलॉइड ओळखायच्या ड्रॅगेनडॉर्फ परीक्षेचा नारिंगी साका जेमतेम दिसला की वहीत ‘अल्कलॉइड अत्यल्प’ लिहून मोकळे होता. हा वेलीवर अन्याय आहे. पाण्याचे दोन थेंब घ्या, आम्ल घालून अमोनिया मारा आणि तीच परीक्षा करा. मग ते पाणी ब्युटेनॉलबरोबर हलवा, ब्युटेनॉलचा ठिपका टीएलसीच्या पट्टीवर द्या, शेजारी शुद्ध बर्बेरीनचा द्या आणि पट्टी चालवा. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पिवळा उजेड दिसेल. ठिपके एका रेषेत आले तरी ती नुसती खूण झाली. ओळख पटवायला वस्तुमान वर्णपट हवाच.

आणि हो, वेलही गुळवेलच हवी. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने बजावलं होतं, टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण गुळवेल समजून घेऊ नका. तिच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे, फुलाला तीन पाकळ्या. आपल्या गुळवेलीला सहा. तोडतानाच एक फांदी कागदात दाबून ठेवा, म्हणजे पुढे... समोरून हात वर झालाय, वेळ संपली. ते राहू द्या. पाण्याचा थर तेवढा बाटलीत भरून, चिठ्ठी लावून फडताळात ठेवा.