तैवानचा टिकाव कशावर?



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'तैवान' असे सांगितले, आणि चालक जरा थबकले. युनियनचा माणूस महागाईभत्त्यावर बोलणार, फार तर नव्या कामगार कायद्यांवर, असा त्यांचा होरा असावा. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा आपण ठेवू नये. परंतु तीस वर्षे संप, टाळेबंदी आणि तडजोडी यांत काढल्यावर लहान पक्ष मोठ्या पक्षासमोर कशाच्या बळावर उभा राहतो आणि केव्हा कोसळतो, हे थोडेफार उमगू लागते. तैवानचा प्रश्न मुळात हाच आहे.

हे बेट सुमारे 36 हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे केरळाहून किंचित लहान. लोकवस्ती 2 कोटी 30 लाखांच्या आसपास. समोर 140 कोटींचा चीन. मध्ये जी सामुद्रधुनी आहे ती अरुंद ठिकाणी 130 किलोमीटर भरते. आपल्याकडच्या मुंबई-पुणे वाटेहून काही फार मोठी नव्हे. बीजिंगचे सरकार म्हणते, हे बेट आमचा प्रांत आहे. 2005 साली त्यांनी कायदाच केला की बेट वेगळे होऊ लागले तर शांततेखेरीज अन्य उपाय योजले जातील. वास्तविक 1949 साली स्थापन झालेल्या चिनी लोकसत्ताक राज्याने या बेटावर एक दिवसही राज्य केलेले नाही. 1895 ते 1945 ही पन्नास वर्षे तेथे जपानचा अंमल होता, आणि त्यानंतर आला चँग कै-शेक.

येथे आमचे काही जुने सोबती लगेच हात वर करतात. ते म्हणतात, "दादा, तिकडे लाल बावटा, इकडे भांडवलदारांचे बेट आणि पाठीशी अमेरिका. तुम्ही कुणाची बाजू घेता?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचे आमच्या मनात नाही. परंतु उत्तराआधी त्या बेटाने लोकशाही कशी मिळवली ते सांगितले पाहिजे, कारण ती त्यांना कोणी ताटात वाढून दिलेली नाही.

27 फेब्रुवारी 1947 च्या संध्याकाळी तैपेई शहरात चोरून सिगारेटी विकणाऱ्या एका विधवा बाईला सरकारी मक्तेदारी खात्याच्या माणसांनी मारहाण केली. जमाव जमला, गोळी सुटली, एक बघ्या प्राणास मुकला. दुसऱ्या दिवशी सारे बेट पेटले. मग मुख्य भूमीवरून फौज उतरली आणि तिने कत्तल केली. सरकारने नेमलेल्या समितीने 1992 साली मृतांचा अंदाज 18 हजार ते 28 हजार असा दिला. मे 1949 पासून जुलै 1987 पर्यंत तेथे लष्करी कायदा होता. अडतीस वर्षे! संप करणे हा गुन्हा, विरोधी पक्ष काढणे हा गुन्हा. आणि हे सारे 'मुक्त जगा'च्या नावाने, अमेरिकेच्या आशीर्वादाने चाललेले. आमच्या सोबत्यांनी हा भाग जरूर सांगावा, आम्हीही सांगतो.

पण तेथे थांबू नये. 10 डिसेंबर 1979 रोजी, मानवी हक्कांच्या दिवशी, काओशुंग बंदरात निदर्शने झाली. पुढाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटले भरले गेले. त्या आरोपींत लु श्यु-लियेन ही बाई होती आणि बचावाच्या वकिलांत चेन श्वेइ-प्येन नावाचा तरुण होता. 2000 साली तो वकील राष्ट्राध्यक्ष झाला आणि ती बाई उपराष्ट्राध्यक्ष. त्याच्याही आधीची एक गोष्ट आम्हांला अधिक जवळची वाटते. लष्करी कायदा उठून वर्षही झाले नव्हते. 1 मे 1988 रोजी तेथल्या रेल्वे-इंजिनचालकांनी बेटभर गाड्या उभ्या केल्या. संपाला मज्जाव होता, म्हणून त्यांनी सामुदायिक रजा टाकली! आपल्याकडच्या कोणत्याही कर्मचारी संघटनेच्या चिटणिसाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

मार्च 1996 मध्ये त्या बेटावर पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक ठरली. मतदानाच्या आधी चीनने कीलुंग आणि काओशुंग या दोन मोठ्या बंदरांजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे टाकली. लोक घाबरून घरी बसतील, हा हिशेब. 23 मार्चला सुमारे 76 टक्के मतदार बाहेर पडले आणि चीनला जो नको होता तो ली तेंग-हुइ 54 टक्के मते घेऊन निवडून आला.

आता बलाढ्य शेजाऱ्याची रीत पाहू. संप मोडायचा तर मालक पहिल्या दिवशी गुंड आणत नाही. तो आधी वाण्याकडची उधारी बंद करतो. फार वर्षांपूर्वी एका टाळेबंदीत आम्ही हे पाहिले. नाव घेण्याचे कारण नाही. तिसऱ्या आठवड्यात पेठेतल्या दुकानदारांनी कामगारांच्या बायकांना ज्वारी तोलायचे नाकारले. मग कुजबूज सुरू झाली, पुढारी विकला गेला. मग दोघाचौघांना चोरून उचल. दंडुका दाखवायचा रोज, मारायचा क्वचित.

हेच सारे तैवानशी चालले आहे. 1 मार्च 2021 पासून चीनने तैवानचे अननस घेणे एकाएकी बंद केले. कारण दिले किडीचे. परदेशी जाणाऱ्या अननसापैकी नव्वद टक्क्यांवर माल चीनला जात असे. दक्षिणेकडचे शेतकरी बुडायचेच. परंतु तैपेईच्या कचेऱ्यांनी, उपाहारगृहांनी, घरोघरच्या गृहिणींनी अननस विकत घेतले आणि जपानने पूर्वीच्या कित्येक पटींनी मागणी नोंदवली. फेब्रुवारी 2023 मध्ये मात्सु बेटांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या दोन्ही तारा आठवड्याच्या आत तुटल्या. तैवान सरकारच्या म्हणण्याप्रमाणे एक चिनी मासेमारी नौकेने आणि दुसरी चिनी मालवाहू जहाजाने तोडली. मुद्दाम तोडल्याचा पुरावा मात्र त्यांच्याजवळ नव्हता. सुमारे 50 दिवस त्या बेटांवरच्या लोकांना साधा निरोप पाठवायला ताटकळावे लागले. दुसरीकडे तैवानला मान्यता देणारी छोटी छोटी राष्ट्रे एकेक करून फोडली जातात. जानेवारी 2024 मध्ये नाउरू गेले. विमाने तर सामुद्रधुनीची मधली रेषा ओलांडून इतक्या वेळा येतात की त्याची बातमी आतल्या पानावर जाते. यातल्या कोणत्याच गोष्टीला युद्ध म्हणता येत नाही, आणि मोजून तसेच ठेवलेले आहे.

तोफा डागल्या गेल्या नाहीत असे मात्र नव्हे. किनमेन हे तैवानच्या ताब्यातले बेट चीनच्या श्यामेन शहराच्या अगदी तोंडाशी आहे. 23 ऑगस्ट 1958 पासून 44 दिवसांत त्यावर 4 लाख 70 हजारांच्या घरात तोफगोळे पडले. पुढे एक दिवसाआड मारा करण्याचा प्रघात पडला आणि तो 1 जानेवारी 1979 पर्यंत चालला. नंतरच्या काळात बऱ्याचशा गोळ्यांत बारूद नसे, प्रचारपत्रके असत. त्या गोळ्यांच्या पोलादापासून किनमेनचे लोहार स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवू लागले, आणि पुढे समोरच्या काठावरून आलेले चिनी प्रवासीच त्या सुऱ्या हौसेने विकत नेऊ लागले. आमच्या लोहारआळीतल्या कारागिरांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पोलादाला पाणी कसे देतात याचा.

परंतु लोहाराच्या हिकमतीवर देश राखता येत नाही. तैवानची खरी कमजोरी कोठारात आहे. ऊर्जेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रमार्गे येतो. निम्म्याच्या आसपास वीज नैसर्गिक वायूवर, आणि त्या वायूचा साठा सुमारे 11 दिवसांचा. चिनी आरमाराने एकही सैनिक न उतरवता नुसती बंदरे अडवली की बाराव्या दिवशी काय, हा प्रश्न उरतोच. घेराबंदी म्हणजे देशाची टाळेबंदी. असे असता अखेरची अणुभट्टी मे 2025 मध्ये बंद करण्यात आली. ऑगस्टमध्ये त्यावर सार्वमत झाले; होकार अधिक आले, पण कायद्याने लागणारा आकडा गाठला गेला नाही. अणुवीज चांगली की वाईट या वादात आम्ही पडत नाही. पण निधी न जमवता संपाची नोटीस द्यावी, तसे हे आम्हांला दिसते. सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवर आणली होती, ती 2024 पासून पुन्हा एक वर्षाची केली, हे शहाणपणाचे. अमेरिकेचा 1979 चा कायदा तैवानला शस्त्रे पुरवण्याचे बोलतो, लढायला येण्याचे वचन देत नाही. बाहेरून पाठिंब्याच्या तारा येतात तेव्हा आनंद होतोच, पण चूल पेटते ती आपल्या कोठीतल्या दाण्यावर.

आता त्या सोबत्यांच्या प्रश्नाकडे येतो. चीनच्या 1975 आणि 1978 च्या राज्यघटनेत संपाचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. 1982 च्या घटनेतून ते काढून टाकले. तेथे मध्यवर्ती कामगार संघ एकच, तोही पक्षाच्या ताब्यातला. दुसरी युनियन काढणे बेकायदा. 2018 साली शेंझेनमधल्या एका कारखान्यात कामगारांनी युनियन काढू पाहिली. त्यांना पकडले, आणि त्यांच्या मदतीला गेलेल्या मार्क्स वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनाही पकडले. लाल बावट्याच्या राज्यात! हाँगकाँगला 1997 साली पन्नास वर्षांची हमी मिळाली होती. 2020 साली सुरक्षा कायदा आला. 2021 साली तेथल्या शिक्षकांची 95 हजार सभासदांची संघटना विसर्जित झाली, आणि त्याच वर्षी 1990 पासून चाललेला स्वतंत्र कामगार संघही बंद झाला. त्याचे सरचिटणीस ली चुक-यान त्या वेळी तुरुंगात होते. सभासदांनी स्वतःच्या हाताने स्वतःची संघटना मोडण्याचा ठराव करायचा, याचा अर्थ ज्याने वर्गणीची पावती फाडली आहे त्याला कळेल. तैवानच्या बाजूने उभे राहायला आम्हांला यापुढचे कारण लागत नाही.

यात चिनी जनतेशी वैर नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली त्या जनतेच्या सेवेला गेले आणि 1942 साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे नाव घेताना आम्हांला कसलाही संकोच वाटत नाही. त्या कैद केलेल्या कामगारांचे आणि विद्यार्थ्यांचे नातेही त्याच जनतेशी आहे.

तैवान म्हणजे रामराज्य, असे सांगायला आम्ही आलो नाही. तेथे कडाक्याची भांडणे आहेत. राष्ट्राध्यक्ष लाइ चिंग-ते हे खाणकामगाराचे पुत्र. बाप खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा ते तान्हे होते. 2024 साली ते चाळीस टक्के मतांवर निवडून आले, आणि विधिमंडळात बहुमत मात्र विरोधकांचे. 2025 च्या उन्हाळ्यात विरोधी आमदारांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले, आणि मतदारांनी एकालाही परत बोलावले नाही. सरकार पक्ष तोंडावर आपटला, आणि दुसऱ्या दिवशी सारे आपापल्या कामाला लागले. 2014 साली विद्यार्थी तीन आठवड्यांवर विधिमंडळाच्या सभागृहात ठाण मांडून बसले, चीनशी होणारा सेवाव्यापाराचा करार त्यांनी अडवला, आणि मग सभागृह झाडून ते बाहेर पडले. 2019 साली विमानातल्या परिचारिका 17 दिवस संपावर होत्या. अशा भांडणांचा चीनचे प्रचारक दुबळेपणा म्हणून डांगोरा पिटतात. ज्या युनियनच्या सर्वसाधारण सभेत आरडाओरड होत नाही तिचे सभासद आणीबाणीच्या दिवशी फाटकाबाहेर टिकत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

एक डाग मात्र झाकता येणार नाही. परदेशांतून आलेले आठ लाखांच्या आसपास मजूर त्या बेटावर राबतात. इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपाइन्स येथून आलेले. दलाल त्यांच्या पगारातून कापून घेतात आणि मासेमारी जहाजांवरच्या खलाशांचे हाल तर विचारू नका. लोकशाही राखायची म्हणता तर ती यांनाही लागू झाली पाहिजे, असे तेथलेच कामगार कार्यकर्ते सरकारला सुनावत असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये भारत आणि तैवान यांच्यात मजूर पाठवण्यासंबंधी करार झाला, तेव्हा उद्या आपल्या गावचाही एखादा पोरगा तिकडे जाईल. यिलान जिल्ह्यात परदेशी खलाशांनी 2013 साली स्वतःची युनियन काढली आहे, परदेशी मजुरांची त्या बेटावरची पहिली. त्या पोराने दलालाच्या कागदावर सही करण्याआधी तिचा पत्ता विचारून घ्यावा.