मिठी नदींतील हिंवाळी मासेमारी



आगगाडी माहीमच्या पुलावर आली कीं डब्यांतील मंडळी रुमाल नाकाशीं नेतात. खालच्या पाण्यास कोणी खाडी म्हणतो, कोणी सरळ नाला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मिठी या नदीचें नांव मुंबईंत घरोघर पोंचलें. पण तें पुराची नदी म्हणून. हिंवाळ्यांतील मिठी निराळी आहे, आणि तिची ओळख कोळ्याच्या जाळ्यावरून जशी पटते तशी नकाशावरून पटत नाहीं.

विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन ही नदी निघते आणि सुमारें अठरा किलोमीटर चालून माहीमच्या उपसागरास मिळते. परंतु सांडवा वाहतो तो पावसाळ्यांत. मार्गशीर्ष-पौषांत वरून जें येतें, तें बहुतांशीं शहराचें सांडपाणी. म्हणजे या दिवसांत नदीच्या खालच्या अंगास जें जिवंत पाणी असतें, तें समुद्रानें दिलेलें. पावसाळी लोंढ्यानें मागें रेटलेलें खारें पाणी दिवाळीनंतर पुन्हां वर सरकतें, पुराचा गढूळपणा ओसरतो. शिवाय थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. सांडपाण्यानें आधींच गुदमरलेल्या नदींत माशाला याचें मोल फार. भरतीच्या संगतीनें बोय येतात, कोळंबी येते, शिंगाळा येतो, भाग्य असल्यास एखादा जिताडाहि येतो. चिंबोरी आणि निवटे हे मात्र येथलेच रहिवासी. एकीचें घर तिवरांच्या मुळांशीं, दुसऱ्याचें उघड्या चिखलांत.

आतां वेळेचें गणित. कोळ्याला घड्याळ नसलें तरी चालतें, तिथि मात्र ठाऊक हवी. तिथीचा आंकडा पाऊणपट केला कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाची तीच, रात्रीचीहि जवळजवळ तीच. हें गणित मिनिटामिनिटाचें नव्हे, पण जाळें लावण्यास पुरतें. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी आळसावल्यासारखें थोडें चढतें, थोडें उतरतें. पौर्णिमा-अमावास्येनंतर एकदोन दिवसांनीं खरें उधाण. पावसाळ्यांत दुपारचें उधाण मोठें असतें, हिंवाळ्यांत मध्यरात्रीचें. म्हणूनच हिंवाळ्यांतील मोठें पाणी शहरानें पाहिलेलें नसतें. आपण पांघरुणांत असतों तेव्हां तें तिवरांच्या बुंध्यापर्यंत चढलेलें असतें, आणि पहाटे सहाच्या सुमारास तळ उघडा पडलेला असतो.

या मधल्या पांचसहा तासांत बोकशी आपलें काम करते. बोकशी म्हणजे लांबट पिशवीसारखें जाळें. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळतें. तें खुंटांना बांधून त्याचें तोंड प्रवाहाकडे करावयाचें, इतकेंच. मासळी पकडण्याचें श्रम ओहोटी करते. पाग हातानें फेकावा लागतो, त्यांत मनगटाचें कसब आहे. बोकशींत कसब कमी, पण पाण्यावर भरंवसा मोठा. ओहोटींत जोर नसेल तर तें जाळें ओल्या फडक्यासारखें लोंबत राहतें.

आणि हा जोर येतो कोठून? भरतीस जितकें पाणी आंत शिरतें, तितकेंच ओहोटीस बाहेर धांवतें. आंत पसरावयास चिखलवट व तिवरें जितकीं विस्तृत, तितका परतीचा ओघ बळकट. तोच मासे आणतो, तोच मुखाशीं सांचणारा गाळ बाहेर लोटतो. १८४५ सालीं माहीम आणि वांद्रें यांच्यामध्यें बांधरस्ता झाला. पुढें वांद्र्याच्या बाजूस समुद्रांत भराव पडला, वांद्रें-कुर्ला संकुलासाठीं दलदल बुजविली गेली, वर विमानतळाखालून नदीस अरुंद वाट मिळाली. प्रत्येक वेळीं शहरास जमीन मिळाली आणि नदीची पसरावयाची जागा तेवढी कमी झाली. पुराची चर्चा निघाली कीं पाणी बाहेर कसें जाईल हें सारे विचारतात. आंत किती येऊं द्यावें हा प्रश्न मात्र क्वचितच ऐकूं येतो. माझ्या मतें नदीचें मरणजगणें या दुसऱ्या प्रश्नावर अधिक अवलंबून आहे. मुंबईच्या १९०९ सालच्या गॅझेटियरांत धारावीची गणना शहरांतील मोठ्या कोळीवाड्यांत केली आहे. तो कोळीवाडा आजहि आहे; पाणी तेवढें त्याच्यापासून दूर गेलें.

गृहिणी विचारतील, ही मासळी खावी काय? बोय चिखलावरच चरतो, तेव्हां चिखलांत जें असेल तें त्याच्या अंगीं उतरणार, आणि मिठीच्या चिखलांत कारखान्यांचाहि वांटा आहे. तेव्हां ताजेपणा पाहून भागत नाहीं. मासळी पुलाच्या आंतली कीं उपसागरांतली, हें कोळणीला स्पष्ट विचारावें, आणि आंतली असल्यास मोह आवरावा. हें सांगतांना मला आनंद होत नाहीं. कारण आंतल्या मासळीस गिऱ्हाईक नसणें म्हणजे आंतल्या पाण्यास वाली नसणें.

माहीमच्या कोळीवाड्यांतील होड्या अजून किनाऱ्यावर दिसतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पहाटेच्या गाडीनें जाण्याचा योग आल्यास पश्चिमेकडील खिडकी धरावी. ओहोटी सरत आलेली असते, चिखलावर बगळे उतरलेले असतात, आणि तिवरांच्या बुंध्यांवरील ओल रात्रीं पाणी कोठवर चढलें होतें तें दाखवीत असते.