मान आणि मानकरी



जगात जर्मनी आणि भारतात परभणी, ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी म्हटली आहे. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेला परभणीकरही ती सांगतो आणि ताठ मानेनं सांगतो. गावाचा अभिमान असावाच. पण हा अभिमान जेव्हा एकट्या माणसाच्या डोक्यात जातो, त्याला नाव, पैसा आणि प्रकाशझोत मिळतो, तेव्हा त्याचं काय होतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सांस्कृतिक कार्यक्रम होता. निवेदन माझ्याकडं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून घराघरात ओळखीचा झालेला एक कलावंत येणार होता. वेळ संध्याकाळी सहाची. बाया दुपारीच स्वयंपाक उरकून, लेकरं कडेवर घेऊन येऊन बसल्या होत्या. व्यासपीठाच्या पायरीशी सहावीतली एक मुलगी औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. जरीचा परकर, हातात बांगड्या, आईनं चोपून घातलेली वेणी. सात वाजले, आठ वाजले. निरांजनातली वात विझायला आली की ती तेल घालायची आणि हाताचा आडोसा करून पुन्हा उभी राहायची. मी माइकवरून सारखा सांगत होतो, पाहुण्यांचं थोड्याच वेळात आगमन होत आहे.

पाहुणे साडेनऊला आले. तोवर सतरंजीवर निम्मी लेकरं झोपली होती. पोरीनं ताट पुढं केलं, तर पाहुण्यांनी मनगट झटकलं आणि म्हणाले, "हे राहू द्या आता, आधीच उशीर झालाय." आणि ते पायऱ्या चढून गेले. वर गेल्यावर माइक खरखरला, तेव्हा त्यांनी सगळ्या मंडपासमोर साउंडवाल्या पोराला विचारलं, "कुठून धरून आणलंय तुला?" तो पोरगा सकाळी सातपासून वायरी ओढत होता. तो मान खाली घालून माइक बदलून गेला. टाळ्या पडल्या. कार्यक्रम झाला. फोटो निघाले. ती मुलगी मात्र बराच वेळ ताट घेऊन तिथंच उभी होती. ताट कुठं ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या पाहुण्यांचं नाव मी सांगणार नाही. नावानं काही साधत नाही. पण त्या रात्रीपासून 'मान' या शब्दाचा मी फार विचार केला.

आपल्या खेड्यांत मानकरी असतो. जत्रेत देवाची काठी कुणी धरायची, पालखीला पहिला खांदा कुणाचा, पोळ्याला तोरणाखाली पहिली बैलजोडी कुणाची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्यावरून भांडणंही होतात, ते मी झाकून ठेवत नाही. पण मानकऱ्याला मानाबरोबर काय मिळतं, ते बघा. ज्या घराकडं काठी, त्या घरानं उपवास धरायचा, अनवाणी चालायचं, खांदा सोलला तरी काठी भुईला टेकू द्यायची नाही. ज्याची जोडी पहिली, त्यानं वेशीत सगळ्यांच्या आधी हजर राहायचं. मानकऱ्याची गाव वाट बघत बसलं, असं होत नाही. झालंच तर गाव त्याला चार माणसांत विचारतं. मानाला आपल्याकडं काम चिकटलेलं आहे. काम सोडलं की मान दुसऱ्या घरी जातो.

मराठी रंगभूमीनं हे फार मोठ्या मनानं दाखवून दिलं आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आलं. श्रीमंतीच्या तोऱ्यात एका शूर पण गरीब सैनिकाचा अपमान करणारी भामिनी पुढं त्याची खरी किंमत ओळखते, अशी त्याची गोष्ट. १२ मार्च १९११ ला त्याचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी भामिनीचं काम करणाऱ्या बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द करता आला असता. पण लोक येऊन बसलेत, म्हणून बालगंधर्व तोंडाला रंग लावून उभे राहिले. प्रेक्षकांना मायबाप म्हणणाऱ्या त्या नटाच्या तोंडी तो शब्द पोकळ नव्हता.

याच नाटकाची दुसरी आठवण दहा वर्षांनंतरची. तोवर बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या एकमेकींच्या तोडीस तोड कंपन्या झाल्या होत्या. दोघांचे चाहते एकमेकांना पाण्यात बघत. टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करायचा होता, तेव्हा ८ जुलै १९२१ ला मुंबईत हे दोघे एकाच रंगमंचावर आले. केशवराव तो सैनिक धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. संयुक्त 'मानापमान' म्हणतात तो हाच प्रयोग. आधी कुणाचं नाव, मोठी खोली कुणाला, असल्या गोष्टींवरून हा प्रयोग सहज मोडू शकला असता. तो मोडला नाही, कारण दोघांहून मोठं असं एक काम समोर होतं. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव गेले. आज शंभर वर्षं उलटल्यावरही लोक सांगतात ती त्या रात्रीची गोष्ट.

आता आपल्या काळातली एक घटना. १६ मे २०१२ ची रात्र, मुंबईचं वानखेडे स्टेडियम. आयपीएलचा सामना संपल्यावर अभिनेते शाहरुख खान यांची तिथल्या सुरक्षारक्षकांशी आणि क्रिकेट संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी जोरदार बाचाबाची झाली. आपल्या सोबतच्या मुलांना रक्षकांनी धक्काबुक्की केली, असं त्यांचं म्हणणं होतं. बापाचा जीव तुटला असेल, ते समजू शकतं. पण जे बोलणं झालं ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष तेव्हा आपल्या मराठवाड्याचे, लातूरचे विलासराव देशमुख होते. असोसिएशननं शाहरुख खान यांना पाच वर्षं वानखेडेवर बंदी घातली. पुढं त्यांनी आपल्या वागण्याबद्दल चाहत्यांची, विशेषतः लहान मुलांची, जाहीर माफी मागितली आणि २०१५ साली ती बंदी उठली. मला यातल्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. फाटकावर उभ्या असलेल्या रक्षकाच्या शब्दाला किंमत राहिली आणि मोठ्या माणसानं चूक पदरात घेतली. माफी मागितल्यानं त्यांचा मोठेपणा कमी झाला नाही.

पण श्रोतेहो, दोष सगळा कलावंतांच्याच पदरात टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. आमच्या कार्यक्रमाचा तो पाहुणा साडेतीन तास उशिरा आला, आणि आम्ही त्याला हार घातला. ज्या बाया वेळेवर आल्या, त्यांच्याकडं आम्ही पाहिलंही नाही. कलावंत जेवत असताना त्याच्या ताटावर वाकून सेल्फी काढणारे आपणच. त्याच्या खांद्याला धरून त्याला फोटोकडं वळवणारे आपणच. सुमीत राघवन यांनी प्रेक्षागृहातल्या मोबाइलच्या घंटीपायी चालू प्रयोग थांबवला, सुबोध भावे यांनी याच कारणानं नाटक सोडण्याची भाषा केली, तेव्हा ते त्यांचं नाक वर असल्याचं लक्षण नव्हतं. कामात मन घातलेल्या माणसाची ती तक्रार होती. उर्मटपणा वेगळा आणि कामाचा आग्रह वेगळा. साउंडवाल्याला भर सभेत घालूनपाडून बोलणं हा उर्मटपणा. प्रयोग चालू असताना फोन बंद ठेवा म्हणणं हा आग्रह. आपण पहिल्याला टाळ्या देतो आणि दुसऱ्यावर रागावतो, तेव्हा कलावंताला बिघडवण्यात आपलाही हात असतो.

आपल्या परभणीला मोठेपणाची ओळख नाही, असं नाही. १९९५ साली इथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष होते नारायण सुर्वे. जन्मतःच टाकून दिलेलं ते लेकरू गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचलून घरी आणलं आणि त्याला आपलं आडनाव दिलं. पुढं मुंबई महापालिकेच्या शाळेत त्यांनी शिपायाचं काम केलं, मग शिक्षक झाले, मग साऱ्या महाराष्ट्राचे कवी. मराठी साहित्यातला सगळ्यात मोठा मान त्यांना मिळाला तो आपल्या गावात. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई. तिनं आयुष्यभर स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतलं. सातशे वर्षं झाली, तिच्या नावाशिवाय आपली पहाटेची जात्यावरची ओवी पुरी होत नाही. तिला कुणी मंडपात आणून बसवलं नव्हतं. लोकांनी आपणहून तिला काळजात बसवलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. येत्या गणपतीत, नवरात्रात, शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही कार्यक्रम ठेवाल. पाहुणा बोलवा, जरूर बोलवा. वेळेवर आला, लोकांशी नीट बोलला, तर त्याला डोक्यावर घ्या. नाही आला, तर दिलेल्या वेळेला कार्यक्रम सुरू करा. समोर बसलेल्या बायामाणसांना थांबवू नका. दीपप्रज्वलन त्या दिवशी पहाटेपासून राबलेल्या कुणाच्या तरी हातून होऊ द्या. साउंडवाल्याच्या हातून, सतरंज्या घालणाऱ्याच्या हातून, नाहीतर औक्षणाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या पोरीच्या हातून. त्या रात्री ते मला सुचलं नाही. तुम्हाला सुचावं, म्हणून सांगितलं.