नायकुंडची भट्टी



उत्खनन म्हटले की मोहरांनी भरलेला हंडा डोळ्यांपुढे येतो. आम्ही आज आपणापुढे ठेवणार आहोत ते याहून पुष्कळच दरिद्री आहे : भाजलेल्या मातीचे तुकडे आणि काळे, जड लोहकीट. परंतु एका जुन्या वादाचा निकाल या उकिरड्यानेच लावला.

विदर्भात मोठमोठ्या धोंड्यांची शिलावर्तुळे आढळतात. ती अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी दफने होत. त्यांत लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर सापडतात. प्रश्न असा, की हे लोखंड येथलेच, की बाहेरून आणलेले? कुऱ्हाड व्यापाऱ्याच्या गोणीतून शंभर कोस जाऊ शकते. तिच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. कीट मात्र कोणी ओझे करून नेत नाही. जेथे लोखंड गाळले, तेथेच ते पडून राहते.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले. तेथे वस्तीतच लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. वक्राकार विटांची, लहानशी, आणि तिच्याबरोबर भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या व कीट. काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा. निकाल लागला : लोखंड येथलेच.

शुद्ध लोखंड वितळावयास १,५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढी उष्णता अशा भट्टीत होत नसे. कोळशाच्या धुरातील वायू खनिजातील प्राणवायू ओढून घेई, मळ वितळून कीट होई, आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागे राही. तो तापवून ठोकला, की उरलेला मळ झडे. भाता किती ओढावा, आच कोठे थांबवावी, हे पोथीत नव्हते, हातांत होते. त्या हातांची नावे कोणी लिहिली नाहीत. त्यांची सही म्हणजे हे कीट.

म्हणून आमची एकच विनंती आहे. शिवारात काळ्या, जड खड्यांचा ढीग दिसला तर तो रस्त्याच्या भरावात घालू नका. आहे तेथेच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून हलविलेले कीट नुसता दगड होते; जागेवरचे कीट साक्षीदार असते.