बदली शिक्षक

शिक्षकाविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें जातें. बदली शिक्षकाविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. कायमचा शिक्षक आजारी पडतो, किंवा एखादी शिक्षिका प्रसूतिरजेवर जाते, आणि त्या जागीं कांहीं महिन्यांसाठीं दुसरें माणूस नेमलें जातें. मूल घरीं येऊन सांगतें, "आजपासून आम्हांला नवे सर आले." घरांतील मोठीं माणसें लगेच विचारतात, "मग तुमच्या बाई कधीं येणार?" या एका प्रश्नांतच नव्या माणसाची किंमत ठरून जाते.

एखाद्या तासाची सोय निराळी. कोणी गैरहजर असल्यास मुख्याध्यापक दुसऱ्या शिक्षकास त्याच्या मोकळ्या वेळांत वर्गावर पाठवितात. मुलें तो 'ऑफ तास' समजतात, व त्यानें फारसें बिघडत नाहीं. दीर्घ रजेची गोष्ट तशी नाहीं. १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीं १२ आठवड्यांऐवजीं २६ आठवड्यांची रजा ठरली. ही सुधारणा सर्वस्वीं योग्यच होय. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेला शिक्षणहक्काचा कायदा पहिली ते पांचवीच्या वर्गांसाठीं वर्षास निदान २०० कामाचे दिवस मागतो. त्यांपैकीं जवळ जवळ निम्मे दिवस अशा वेळीं मुलांपुढें बदली शिक्षक उभा असतो. त्याची नेमणूक तात्पुरती खरी. परंतु त्या मुलांची पांचवी कांहीं तात्पुरती नसते.

या कामास पात्रता कमी लागते असेंहि नाहीं. पहिली ते आठवीच्या शिक्षकास शिक्षणशास्त्राची पदविका अगर पदवी आणि शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा अशी अट २०१० सालीं घालण्यांत आली. महाराष्ट्रांत ती परीक्षा २०१३ पासून होऊं लागली. एवढें करून उमेदवार अर्ज घेऊन शाळाशाळांतून हिंडतो, तेव्हां पुष्कळदां कायमची जागा नसतेच. असते ती कोणाची तरी रजा.

अशा शिक्षकानें पहिल्या दिवशीं काय करावें? लांबलचक भाषण करूं नये. हजेरीपटावरून नांवें पाठ करावीं, मागील शिक्षकाची टांचणवही मागून घ्यावी, आणि मुलांच्या वह्या चाळाव्या. समजा, पांचवींत अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. एक-द्वितीयांश व एक-तृतीयांश मिळवितांना दोहोंचे छेद सहा करून घ्यावे, असें पूर्वीच्या बाईंनीं शिकविलें आहे. नवा शिक्षक हुशार. तो येतांच तिरक्या गुणाकारानें पांच-षष्ठांश हें उत्तर एका ओळींत काढून दाखवितो. उत्तर बरोबर आहे. पण छेद समान कां करावयाचे, हें ज्या मुलाला कालच कोठें उमगूं लागलें होतें, त्याच्या मनांत दोन रीतींचा गुंता होतो, आणि गणित आपल्याला येणारच नाहीं असें तें धरून चालतें. निदान चालू धडा पुरा होईपर्यंत तरी मागची रीत मोडूं नये.

"आमच्या बाई असें करीत नव्हत्या," हें वाक्य त्यास दिवसांतून दहा वेळां ऐकावें लागतें. त्यावर रागावण्याचें कारण नाहीं. मुलांच्या मनांत बाईंविषयीं माया आहे, एवढाच त्याचा अर्थ. "मग त्या कशा करीत, तें मला दाखव," असें म्हणणारा शिक्षक मुलांना आपलासा वाटतो, आणि मागच्या कामाची माहितीहि त्याला आपोआप मिळते.

परंतु सर्व भार एकट्या त्याच्यावर टाकून भागणार नाहीं. रजेवर जाणाऱ्यानें कोणता धडा कोठें थांबला व कोणतें मूल कशांत मागें आहे, एवढें लिहून ठेवावें. संस्थेनें मुदत व पगार पहिल्याच दिवशीं लेखी कळवावा. सुटीच्या तोंडावर नेमणूक संपवावयाची आणि शाळा उघडतांच पुन्हां नेमावयाचें, म्हणजे सुटीचा पगार वांचतो, असा हिशेब जेथें चालतो, तेथें ही काटकसर दुसऱ्याच्या चुलीवर होते. एका रजेवरून दुसऱ्या रजेवर जाण्यांत कित्येकांचीं उमेदीचीं वर्षें निघून जातात. आणि घरच्या मंडळींनीं मुलांदेखत "हे काय, चार दिवसांचे पाहुणे," असें म्हणूं नये. मूल ज्यास पाहुणा समजतें, त्याच्यापाशीं तें मन लावून शिकत नाहीं.

रजा संपते व बाई परत येतात. त्या दिवशीं बदली शिक्षकानें हजेरीपट, टांचणवही आणि प्रत्येक मुलाविषयीं दोन ओळी त्यांच्या हातीं द्याव्या. मोठ्यानें वाचावयास अजून कोण लाजतो, सातचा पाढा कोणाचा पक्का झाला, हें त्यांत असावें. निरोपसमारंभ बहुधा होत नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं बाईंना वर्ग जेथें सोडला होता तेथून पुढें गेलेला आढळला, आणि मागें पडलेलीं मुलेंहि त्याच्याबरोबर पुढें आलेलीं दिसलीं, तर त्या शिक्षकाची सहा महिन्यांची नोकरी सार्थ झाली असें खुशाल समजावें.