अमेरिकेतील महाविद्यालयांची यादी आणि घरची ऐपत
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीनंतर थेट अमेरिकेत जाऊन पदवी घ्यावी, असे आता आपल्या वस्तीतील मुलामुलींनाही वाटू लागले आहे. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु मुले मोठी नावे पाहून अर्ज करतात आणि पैशाचा विचार प्रवेशपत्र हाती पडल्यावर सुरू होतो. मी बँकेतला कारकून. म्हणून आज हिशेबाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

अमेरिकेत आपल्यासारखी मार्कांची गुणवत्ता यादी लागत नाही. प्रत्येक महाविद्यालय आपापल्या पद्धतीने निवड करते. 'कॉमन ॲप' या सामाईक अर्जातून जास्तीत जास्त २० महाविद्यालये निवडता येतात. जाणकार सांगतात, यादीत काही अवघड, काही आपल्या बरोबरीची व काही सुरक्षित नावे असावीत. मार्कांपुरते हे ठीक आहे. आपल्यासाठी मात्र सुरक्षित महाविद्यालय म्हणजे जेथे प्रवेशही मिळेल आणि खर्चही झेपेल, असे. या दोहोंपैकी एक जरी नसेल, तरी ते नाव सुरक्षित नव्हे.

पहिला गट हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट यांसारख्या संस्थांचा. परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्या घरची परिस्थिती पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर जेवढी गरज ठरेल तेवढी मदत देतात. एरवी तेथील वर्षाचा खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास जातो. तरीही गरीब घरच्या मुलाला याच संस्था सर्वांत स्वस्त पडू शकतात. पण शंभर अर्जांमागे तेथे दहा जणांनाही प्रवेश मिळत नाही. म्हणून यांतील दोन-तीन नावे अवश्य घ्यावीत, सगळी यादी यांचीच करू नये.

दुसरा गट व्हॅसार किंवा मुलींसाठी असलेले माउंट होल्योक अशा महाविद्यालयांचा. प्रवेश दिला तर ती गरज पूर्ण भागवतात, पण परदेशी विद्यार्थ्याची निवड करतानाच त्याला किती मदत लागेल हेही पाहतात. केंटकी राज्यातील, १८५५ साली स्थापन झालेले बेरिया कॉलेज तर शिकवणी शुल्कच घेत नाही. तेथे प्रत्येक विद्यार्थी कॉलेजातच काम करून शिकतो. परदेशी मुलांच्या जागा मात्र मोजक्याच असतात. आपल्या यादीचा मोठा भाग या गटातून यावा.

तिसरा गट सरकारी विद्यापीठांचा. येथे बहुतेकांची फसगत होते. सरकारी म्हटले की आपल्याला स्वस्त वाटते. ती सवलत त्या राज्यातील रहिवाशांना असते. कॅलिफोर्निया विद्यापीठासारखी नामांकित संस्था परदेशी विद्यार्थ्याला गरजेनुसार मिळणारी मदत देत नाही. अमेरिकन सरकारची विद्यार्थी-मदतही आपल्या मुलांना लागू नाही.

मदत हवी असल्यास ती पहिल्याच अर्जात मागावी. ती मागितली तर प्रवेश हुकेल, या भीतीने काही जण गप्प बसतात. पण अनेक ठिकाणी पहिल्या वेळी न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे मागता येत नाही. शिवाय व्हिसासाठी लागणारा आय-२० दाखला मिळण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावीच लागते.

पालकहो, मदतीचे पत्र पासबुकासारखे ओळ न् ओळ वाचा. समजा, पत्रात ३०,००० डॉलर शिष्यवृत्ती लिहिली आहे. ऐकून पेढे वाटावेसे वाटतील. पण एकूण खर्च ७५,००० डॉलर असेल, तर वर्षाला ४५,००० उरतात. चार वर्षांचे झाले १,८०,००० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी दीड कोटीच्या वर जाते! बँकेच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागते. आपल्याकडे तारण म्हणजे बहुधा राहते घर. मुलाच्या पदवीसाठी आजी-आजोबांच्या डोक्यावरचे छप्पर गहाण पडणार असेल, तर ते महाविद्यालय यादीत नसलेलेच बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती काय किंवा महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती काय, दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतरच्या पदवीला त्या मिळत नाहीत. म्हणून यादीत शेवटचे नाव आपल्याच राज्यातील चांगल्या महाविद्यालयाचे असावे, जेथे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पात्र विद्यार्थ्याला आधार देते.

ते नाव कमीपणाचे मानू नका. बाबासाहेब पदवी घेईपर्यंत मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातच शिकले. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती हाती घेऊन. आधी पैशाची सोय झाली, मग बोटीचा प्रवास.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आठ-दहा नावे लिहा आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखा. एकात प्रवेशाची शक्यता लिहा, दुसऱ्यात घरून भरावी लागणारी रक्कम. दुसरा रकाना आई-वडिलांसमोर बसून भरा. मोठे स्वप्न पाहायला त्यांची ना नाही. पण त्याची किंमत त्यांना आधी कळली पाहिजे.

जय भीम!