डंबा, भूमका आणि जाणत्यांची नजर



१९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंची वार्ता राज्यभर पोहोचली. तेव्हापासून धारणीला येणाऱ्या कितीतरी सुशिक्षित पाहुण्यांपाशी उत्तर तयार असते : कोरकू अंधश्रद्ध आहेत, दवाखाना सोडून भूमकाकडे जातात. पुरावाही हाती असतो. पोटावर तापल्या लोखंडाचे चटके, म्हणजे डंबा, दिलेले मूल दगावलेले आढळते.

डंबा क्रूर आहे आणि तो थांबलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु डंबा देतात तो पोट फुगलेल्या, धाप लागलेल्या मुलाला. आजार आधी, चटका नंतर. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र चटकाच भरतो. गरोदरपणी आईला न मिळालेले अन्न, पावसाळ्यात तुटलेली वाट, यांचे व्रण मुलाच्या पोटावर उमटत नाहीत.

गंमत अशी, की भूमकाचीही चूक हीच. बहुतेक ताप आपोआप उतरतात. उतरला तर मंत्राचा गुण, न उतरला तर देवाचा कोप! मंत्रावाचून बरी झालेली मुले तो मोजत नाही. डंबा देऊनही जगलेली आणि डंब्यावाचून दगावलेली मुले साहेबही मोजत नाहीत.

चटकन आठवते तेच वारंवार घडते असे मन धरून चालते, हे डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले. मुरलेले संशोधकही अंदाजाने विचार करू लागले की याच चुका करतात, असेही त्यांनी नमूद केले. तेव्हा हा दोष निरक्षरतेच्या खाती टाकता येत नाही.

चळवळ तरी त्यातून कुठे सुटली आहे? मोर्चाच्या फलकावर हाडांचा सापळा झालेले मूल येते. जन्मानंतर महिन्याच्या आत घरातच गेलेले, वजनही न झालेले बाळ येत नाही. वस्तुतः अर्भकमृत्यूंचा मोठा वाटा त्या पहिल्या महिन्याचाच असतो. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने सरकारी नोंदींतून निसटलेले बालमृत्यू उजेडात आणले, ते गावोगाव प्रत्यक्ष मोजणी झाली म्हणून.

कार्यकर्त्याने आपल्या गावातील प्रत्येक जन्म वहीत लिहावा, जगलेल्या मुलांसह. कोणत्या घरी धोका आहे हा आपला अंदाजही तारीख घालून आधीच नोंदवावा आणि दिवाळीत तो प्रत्यक्षाशी ताडून पाहावा. पाऊस जूनमध्ये येतो. वही त्यापूर्वी उघडलेली हवी.